शेवटच्या रॉकरचं ऑइल

नवीन बांधलेलं इंजिन पहिल्यांदा चालू करायच्या आधी आमचे बाबा त्याच्या शेवटच्या रॉकरखाली उजव्या हाताचं बोट धरतात आणि डोळे मिटून उभे राहतात. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, म्हातारा प्रार्थना करतोय. प्रार्थना कसली, त्या वेळी ते मनातल्या मनात मला शिव्या देत असतात. कारण पंपावर मी असते, आणि माझा पंप त्यांच्या मते एक तर फार जोरात असतो नाही तर फार हळू. बरोबर पंप मारणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, आणि आला तरी तो बाबांच्या पोटी नक्की येणार नाही.

ज्यांना इंजिनातलं ओ की ठो कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्यात पहिला नंबर माझ्या नवऱ्याचा. तो शिंपी आहे, आणि वर्कशॉपचा विषय निघाला की त्याला कुणाची तरी बाही शिवायची आठवते. तर, डिझेल इंजिन पार खोलून परत बांधलं की ते आतून कोरडं असतं. ऑइल खालच्या टाकीत भरलेलं असतं, पण जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे ते अजून पोचलेलं नसतं. तसाच सेल्फ मारला, म्हणजे बटण दाबून इंजिन चालू केलं, तर ऑइल वर चढेपर्यंत सगळा नवा माल कोरडाच फिरतो आणि महिन्याची मेहनत पहिल्या दमात खरवडून निघते. म्हणून आम्ही बादलीला जोडलेल्या हातपंपाने बाहेरून ऑइल आत दाबतो. ते नळ्यानळ्यांतून चढत सगळ्यात वर रॉकरपर्यंत जातं. रॉकर म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे लोखंडी हात, वरती ओळीने बसलेले. शेवटच्या हातावरून ऑइल ओघळलं की समजायचं, सगळीकडे पोचलं. मग बाबा डोळे उघडून म्हणतात, "आलं." त्याच्या आधी सेल्फच्या बटणाला कुणी बोट लावलं तर ते बोट शाबूत राहील याची खात्री नाही.

नुसतं बघून नाही का चालत? मीही विचारलं होतं. बाबा म्हणाले, बांधताना चोपडलेलं ऑइलसुद्धा ओलंच दिसतं, डोळ्याला काय कळतंय. ताजं ऑइल ढकलत येतं, ते बोटाला कळतं. सगळं आयुष्य त्या एका बोटावर काढलं माणसाने. बेअरिंगवरचा ओरखडा, सिलिंडरच्या आतल्या लायनरची झीज, नटाचा खराब आटा, सगळं बोट फिरवून सांगायचे, आणि मग मी मापाची पट्टी लावून बघायची तर तेवढंच निघायचं. फार राग यायचा मला. माणसाने कधीतरी चुकावं की नाही?

माझ्या आधी पंपावर आई असायची. घर वर्कशॉपच्या मागेच आहे, मधे एक दार. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिला बादलीसमोर बसवलं होतं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून सांगते. मी हाताशी आल्यावर तिने पंप सोडला, पण हक्क सोडला नाही. नवीन इंजिन चालू व्हायचं असलं की हातातलं काम टाकून ती येते, उपड्या ड्रमवर बसते आणि "आलं" ऐकूनच उठते.

तर हे असं चाललं होतं, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बाबांना झटका आला. फार मोठा नव्हता. तोंड थोडं वाकडं झालं, ते सरळ झालं. बोलणं जड झालं, तेही सुटलं. पहिला सुटा शब्द त्यांनी नर्सला वापरला, तो मी इथे लिहीत नाही. उजवा हात काही दिवस नुसता पडून होता, मग तोही हलायला लागला. डॉक्टर म्हणाले, आता आराम. आई म्हणाली, ऐकलंत ना, आराम. बाबा म्हणाले, डॉक्टरच्या गाडीचा आवाज ऐकला का तुम्ही, त्याला स्वतःचा सायलेन्सर सांभाळता येत नाही.

घरात महाभारत झालं. आई वर्कशॉपची किल्ली मागायची, बाबा ती उजव्या खिशात घालून झोपायचे. शेवटी आई म्हणाली, "ठीक आहे. एक इंजिन. माझ्या भावाचं आलंय ना, ते बांधा. पोरगी हाताखाली राहील, पण बांधणार तुम्ही. एकदा बंद केल्यावर परत उघडायला लागलं नाही, तर किल्ली तुमची, मी पुन्हा विषय काढणार नाही. पण एक नट जरी परत सोडायला लागला, तर किल्ली माझ्याकडे, आणि तुम्ही घरात."

"घरात बसून काय करू?"

"माझ्याशी बोला."

बाबांनी लगेच अट मान्य केली. इतक्या वर्षांत त्यांचं बांधलेलं इंजिन परत उघडायला लागलेलं मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे अट ऐकून मी हसले होते. पण आई हसत नव्हती. आणि बाबांना घरात बसवणं म्हणजे काय, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. दवाखान्यातून आल्यावर पहिले काही दिवस ते खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचे, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायचे, हिचा दुसरा सिलिंडर गेलाय. मग सांगायचंही बंद केलं. ते ऐकायला येईनासं झालं तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

मामाचं इंजिन म्हणजे त्याच्या लाँचचं. नदीच्या या काठाहून त्या काठाला माणसं, सायकली, शेळ्या, जे येईल ते नेतो. माणूस मनाने सोन्यासारखा, पण इंजिनाचा वैरी. ऑइल बदलायचं असतं हे त्याला दर वेळी नव्याने कळतं. लाँच बंद पडल्यापासून तो दुसऱ्याच्या होडीत वल्ही मारत होता आणि दिवसाआड आमच्याकडे येऊन कमरेला हात लावून कण्हत होता.

महिनाभर आम्ही ते इंजिन बांधलं. बाबांच्या शिव्या परत आल्या, आवाज परत आला. माझे नाकी नऊ आले, पण मी खूश होते, हे इथे सांगायला हरकत नाही. आजारपणाने एकच फरक पडलेला दिसत होता, म्हातारा उलट जास्त राकट झाला होता. आई चहा आणते स्टीलच्या पेल्यात, उकळता. आम्ही सगळे फडक्यात धरतो, फुंकर मारतो. बाबा आता तो पेला उजव्या मुठीत सरळ धरायचे आणि गप्पा मारत उभे राहायचे. मामा म्हणायचा, "दाजी, कातडी आहे का टायर?" बाबांना फार आवडायचं ते. आई मात्र पेल्याकडे बघत राहायची.

रॉकर बसवायचा दिवस आला तेव्हा आमची नेहमीची वादावादी झाली. रॉकर ज्या दांडीवर डुलतात ती दांडी ओळीने बसवलेल्या ठोकळ्यांवर असते. सगळे ठोकळे दिसायला सारखे, पण त्यातल्या एकाच्याच बुडाला बारीक भोक असतं. खालून आलेलं ऑइल त्याच भोकातून दांडीत चढतं. तो ठोकळा आपल्या जागेवर पाहिजे, बाकीचे कुठेही बसवा. मी म्हटलं, बाबा, त्याला एक खूण करून ठेवते. ते म्हणाले, "खूण तुझ्या मामाला कर. त्याला आपलं इंजिन कुठलं ते कळत नाही." आणि एकेका ठोकळ्याच्या बुडावरून बोट फिरवत त्यांनी ते भराभर लावून टाकले. मी पाने पुसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन लाकडी ओंडक्यांवर तयार उभं होतं. नवा रंग दिलेला, बॅटरी जोडलेली, सेल्फचं बटण लांब वायरीला लोंबकळत. वरचं झाकण अजून लावलं नव्हतं, रॉकर उघडे होते. आई ड्रमवर बसली, मामा दारात उभा. त्याने लाँचवरच्या पोऱ्याला सांगून ठेवलं होतं की दुपारपर्यंत इंजिन येतंय, आणि त्या बळावर काठावरच्या लोकांनाही सांगून टाकलं होतं.

मी पंप मारायला घेतला. आधी दांडा हलका लागतो, मग आत ऑइल भरत जातं तसा जड होतो. प्रेशर दाखवणाऱ्या गेजचा काटा उठला, छान वर गेला. अधूनमधून थांबून मी पहारीने फ्लायव्हीलचं जड चाक थोडं फिरवत होते, म्हणजे आतली भोकं समोरासमोर येतात. बाबा इंजिनाच्या मागच्या टोकाला, शेवटच्या रॉकरखाली बोट धरून, डोळे मिटून.

"हळू. गाईची धार काढतेयस का?"

मी हळू केलं.

"आता झोपलीस का?"

सगळं ठीक चाललं होतं. फक्त "आलं" येत नव्हतं. मी परत फ्लायव्हील फिरवलं, परत पंप मारला. दांडा आता इतका जड झाला की मी त्यावर लटकत होते. एवढ्यात नेहमी ऑइल वरून निथळून खाली परतायला लागतं. मी मान उंच करून रॉकरकडे पाहिलं. बांधताना चोपडलेलं सोडलं तर सगळे कोरडे ठक्क.

बाबांनी डोळे उघडले. आणि जे मी आजपर्यंत पाहिलं नव्हतं ते केलं. आपल्या बोटाकडे पाहिलं. बोट वर उचलून, उजेडात धरून, नीट पाहिलं. मग चड्डीला पुसलं, पुसण्यासारखं काही नसताना.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले. "मार सेल्फ."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "आलं?"

"मार म्हटलं ना."

"बाबा, आलं नाहीये. वर एक थेंब नाही."

"येईल. चालू झालं की येईल."

हे वाक्य मामाचं होतं. मामा दर इंजिनाला हेच म्हणायचा आणि बाबा दर वेळी त्याची सालटी काढायचे. खुद्द मामाही क्षणभर गोंधळला. पण मग त्याला लाँच दिसायला लागली. "काटा वर आहे ना," तो पुढे येत म्हणाला. "प्रेशर आहे म्हणजे ऑइल आहे. दाजी स्वतः म्हणतायत तर तू का नाट लावतेस? काठावर लोक उभे आहेत माझे."

काटा वर होता, हे खरं. ऑइल खाली सगळीकडे पोचलं होतं, पण वर जायची वाट बंद होती, म्हणूनच तर काटा एवढा वर होता. हे मला कळत होतं तर बाबांना कळत नसेल? मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, आईच्या पायाजवळच्या फरशीकडे बघत होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उघडायला लागलं तर किल्ली गेली. म्हाताऱ्याला सगळं माहीत होतं, आणि तरी तो म्हणत होता, मार सेल्फ.

आणि वाईट हे की इंजिन चाललं असतं. मस्त चाललं असतं. मामाने ते लाँचमध्ये बसवलं असतं, लोकांनी बाबांची वाहवा केली असती, आई शब्दाला जागली असती. वरचे रॉकर कोरडे घासत घासत कधीतरी दांडीवर चिकटले असते, पण ते नंतर. भरलेल्या लाँचमध्ये, नदीच्या मधोमध, पाण्याला ओढ असताना.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी पंपाचा दांडा सोडला, सेल्फचं बटण उचललं आणि त्यांच्या हातात कोंबलं.

"मी नाही मारत. तुम्ही मारा. तुमचा कायदा, तुमचं इंजिन, तुमचा मेहुणा. घ्या."

"कार्टे, मला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंय. आता विसरा म्हणताय, ते जमत नाहीये मला."

मामा म्हणाला, "अरे, कुणीतरी मारा रे."

"तू गप बस," आई म्हणाली. एवढंच म्हणाली. बाबांना काहीच म्हणाली नाही. ड्रमवर मांडीत हात घेऊन बसली होती आणि त्यांच्या अंगठ्याकडे बघत होती.

अंगठा बटणावर होता. मी कधी बाबांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, दवाखान्यातसुद्धा नाही. त्यांचा ओठ पुन्हा थोडा वाकडा झाल्यासारखा दिसला. मला वाटलं, जाऊ दे, मरू दे ते रॉकर, मी नंतर गुपचूप लाँचवर जाऊन उघडीन, मामाला काय कळतंय. तोंडातून शब्द निघणारच होता.

बाबांनी बटण खाली ठेवलं. हळूच, ओंडक्यावर. उजव्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि आईच्या शेजारी ड्रमवर आपटली.

"घे तुझी किल्ली," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि तू तिथे पुतळ्यासारखी काय उभी आहेस? पाना दे. वरची दांडी काढायचीय."

आईने किल्ली उचलली आणि पदराच्या टोकाला बांधली. मामा दाराच्या चौकटीत मटकन बसला आणि त्याने कपाळाला हात लावला, पण आवाज केला नाही.

दांडी उतरवली. मी ठोकळे एकेक करून उलटे केले. भोकाचा ठोकळा एक घर पुढे बसला होता. त्याच्या जागेवर बसलेला ठोकळा बुडाला सपाट, गुळगुळीत. खालून येणाऱ्या ऑइलच्या तोंडावर झाकण बसवल्यासारखा. अशी चूक आमच्याकडे मामानेसुद्धा केली नसती, कारण मामाने खूण केली असती.

दोन्ही ठोकळे त्यांच्यासमोर ठेवले. बाबांनी आई आणि मामाकडे पाठ केली. पहिला ठोकळा उजव्या हातात घेतला, बुडावर बोट फिरवलं, परत फिरवलं. मग दुसरा घेतला आणि तसंच केलं. चेहरा असा की अंधारात काही शोधतायत. मग त्यांनी ठोकळा डाव्या हातात घेतला, डाव्या करंगळीने चाचपला, आणि लगेच जागेवर बसवला.

तेव्हा मला तो चहाचा पेला आठवला. उकळता, उजव्या मुठीत, महिनाभर. टायर म्हणून आम्ही हसत होतो. ते बोट मेलं होतं. हात हलत होता, पाना धरत होता, पण बोटाला काही कळत नव्हतं, आणि म्हातारा ते एकट्याने घेऊन फिरत होता. महिनाभर बेअरिंगवरून, लायनरवरून ते बोट फिरवत "ठीक" म्हणत होता. देवाची कृपा की माझी मापाची पट्टी मी कधी सोडली नव्हती. मला रडायला आलं आणि त्यांच्या डोक्यात पाना घालावासा वाटला, दोन्ही एकदम.

"डोळे कशाला पुसतेस?"

"ऑइल गेलं."

"वर आलंच नाही तर जाईल कुठून?" ते म्हणाले. "आवळ नट."

दांडी बसली. मी परत पंपावर बसले, बाबा परत मागच्या टोकाला. मला वाटलं होतं, आता तरी डावं बोट धरतील. पण आई बघत होती. आणि ती आयुष्यभर बघत आली होती ते उजवं. त्यांनी उजवंच धरलं, आणि डोळे मिटले.

मी पंप मारला. आता दांडा पहिल्यासारखा दगड होत नव्हता, ऑइलला वाट मिळाली होती. पुढचा रॉकर चमकला. मग त्याच्या मागचा. एकेक करत ओल मागे सरकत गेली, आणि शेवटच्या रॉकरच्या टोकाशी एक थेंब जमला, फुगला, आणि बाबांच्या बोटावर पडला.

बाबा डोळे मिटून उभे होते.

दुसरा पडला. मग थेंब राहिले नाहीत, धार लागली. बोटावरून तळहातावर, तळहातावरून मनगटावर, कोपराशी येऊन खाली फरशीवर टपटप. आणि बाबा वाट बघत होते. कपाळाला आठी, कान माझ्या पंपाकडे.

"जोर लाव की," ते म्हणाले. "आज जेवली नाहीस का?"

ड्रमशेजारी येऊन बसलेल्या मामाने तोंड उघडलं. आईने न बघता त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो तोंड उघडंच ठेवून बसला. मी आईकडे पाहिलं. ती बाबांच्या कोपराकडे बघत होती, जिथून ऑइल गळत होतं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. म्हणजे तिला घरातल्या पेल्यावरूनच, इंजिन हातात घ्यायच्या आधीच, कळलं होतं. किल्ली मागत होती ती त्यासाठी.

मी पंप थांबवला.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही आलं म्हणालात का? पंपाच्या आवाजात मला ऐकू नाही आलं."

त्यांनी डोळे उघडले. हाताकडे पाहिलं. मनगट, कोपर, खाली फरशीवर झालेलं तळं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तसं त्यांनी माझ्याकडे आयुष्यात कधी पाहिलेलं नाही.

"कधीचं म्हणालो," ते म्हणाले. आवाज नीट लागला नाही, म्हणून परत म्हणाले. "कधीचं म्हणालो. बहिरी झालीस का? अर्धी बादली सांडलीस वर."

"चुकलं," मी म्हटलं.

सेल्फ मामाने मारला. त्याला मारू दिलं, बिचारा फार वेळ गप्प बसला होता. इंजिनाने एक खोकला काढला, काळा धूर सोडला आणि पकडलं. मग तो आवाज स्थिर झाला. खालपासून वरपर्यंत एकसारखा, कुठे खडखड नाही, टकटक नाही. आम्ही सगळे तो ऐकत उभे राहिलो. मामाने इंजिनाला मिठी मारायचा प्रयत्न केला आणि तो भाजला.

आई आत गेली आणि चहा घेऊन आली. मला दिला फडक्यात, मामाला दिला फडक्यात. बाबांचा पेला घेऊन ती त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांनी नेहमीसारखा उजवा हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला, त्यांचा डावा हात धरला आणि त्यात पेला ठेवला.

बाबा असे ओरडले की मामाचा चहा सांडला. पेला त्यांनी ओंडक्यावर आदळला आणि डावी बोटं तोंडात घातली. "जीव घेतेस का? केवढा उकळता आहे हा!"

"रोज असाच असतो," आई म्हणाली. "हा हात ठीक आहे म्हणायचा."

बाबांची बोटं तोंडातच होती.

"मघाशी ते बटण दाबलं असतंत ना," आई म्हणाली, "तर किल्ली मी नदीत टाकणार होते. ठरवलं होतं मी. तुमचा हात गेला त्याचं मला काही नव्हतं. तो खोटं बोलायला लागलाय का, तेवढंच बघायचं होतं मला."

तिने पदराची गाठ सोडली. बाबांनी सवयीने उजव्या बाजूचा खिसा पुढे केला. ती वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली आणि किल्ली त्यांच्या डाव्या खिशात टाकली.

किल्ली चड्डीच्या पायातून घसरत खाली आली आणि फरशीवरच्या ऑइलमध्ये पडली.

"त्या खिशाला भोक आहे," बाबा म्हणाले.

"मग शिवून घ्या," आई म्हणाली. "जावई कशाला केलाय शिंपी?"

माझ्या नवऱ्याने संध्याकाळी तो खिसा दुहेरी टीप मारून शिवला, आणि वर्कशॉपचं एक तरी काम आपण केलं म्हणून आठवडाभर मिरवला.